जागे राहिलेले आरसे

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. बायकोला सांगितली नाही — ती गेली, ती हे माहीत नसतानाच गेली. मुलांना सांगायचा प्रश्नच आला नाही. त्यांना वाटतं, वडिलांच्या आयुष्यात शाळा, एसटी आणि निवृत्ती याशिवाय काही घडलं नसावं. तसं वाटू देणं माझ्या सोयीचं होतं. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हेही खरं कारण नाही? कितीदा वही उघडली, पहिलं वाक्य लिहिलं, आणि दुसऱ्या वाक्यात हवापाण्याचं काहीतरी लिहून मिटून ठेवली.

आजही हवेवरच येणार असं दिसतं. पण या वेळी इलाज नाही. त्या दिवसाची हवा या गोष्टीत गुंतलेली आहे — आधी ढग, आणि ढगानंतरचं ऊन.

आमचं घर इथलंच, जळगावात, पिंप्राळ्याचं. नोकरी मात्र तेव्हा धुळ्यापलीकडे, साक्रीच्या रस्त्यावरच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे अजून माणसं आहेत. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचं, शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारच्या एसटीने धुळे आणि तिथून घर. आठवडाभर शाळेमागच्या खोलीत एकटा. एकट्या माणसाला संध्याकाळी कुठेतरी टेकावं लागतं. मी नानांच्या टपरीत टेकायचो.

नाना म्हणजे नामदेव नाना, घड्याळं दुरुस्त करणारे. एसटी स्टँडसमोर त्यांची लाकडी टपरी, टपरीत काचेची पेटी, पेटीत उघडी पडलेली घड्याळं. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, चौथीपर्यंत शिकलेले. डोळ्याला काळं भिंग लावलं की तासभर बोलायचे नाहीत. केसाएवढ्या बारीक स्प्रिंगा त्यांच्या चिमट्यात थरथरायच्या नाहीत. मी त्यांची बोटं बघत बसायचो. अजूनही दुपारी डोळा लागता लागता मला ती बोटं दिसतात — आणि पाठीमागे टपरीच्या फळीवर हलणारे उजेडाचे कवडसे.

कारण सुरुवात त्या कवडशांपासून झाली. समोर ठेवलेल्या घड्याळांच्या काचांवर उतरतं ऊन पडायचं आणि फळीवर दहा-बारा उजळ ठिपके यायचे. नाना रिकामे असले की एकेक घड्याळ जरासं कलवून सगळे ठिपके एका जागी आणायचे. खेळ होता. एकदा त्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं, काढून घेतलं आणि मला म्हणाले, बघा हो सर, ऊब लागते. मी बोट ठेवलं. मला काही फारसं जाणवलं नाही, पण मी हो म्हणालो.

त्याच सुमारास तालुक्याच्या प्रदर्शनात सूर्यचूल आली होती. भलीमोठी गोल परात, आतून चकचकीत. साहेब लोकांनी तिच्यावर चहा करून दाखवला. गावाने बघितलं, चहा प्यायला आणि घरी आलं. तशी परात कोणाच्या घरी येणार? ती वाकवायची कशी, फुटली तर दुसरी कुठून आणायची? नाना मात्र दोन दिवस टपरीतली घड्याळं कलवून बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मोठा आरसा ऐकत नही, सर. धाकला धाकला ऐकतस."

मग धुळ्याच्या फ्रेमवाल्यांकडून ते आरशांचे तुकडे आणू लागले, दुकानदार कचऱ्यात टाकतात ते. हिऱ्याच्या लेखणीने कापून दोन बोटं रुंदीचे चौकोन करायचे. एका जुन्या बाजेची चौकट घेतली, तिच्यात सायकलचे आरे आडवे बसवले, एकेका आऱ्यावर पत्र्याची पट्टी आणि पट्टीवर राळेने चिकटवलेली आरशांची ओळ. पट्टीला बारीक स्क्रू — ओळ किती कलायची ते ठरवायला. सगळ्या ओळी एका लाकडी दांडीला जोडलेल्या आणि दांडी एका भिंतीवरच्या घड्याळाच्या यंत्राला. चावी दिली की सूर्य जसजसा सरके, तसतशी दांडी सरके आणि सगळे आरसे एकदम, अगदी थोडेसे वळत. तीनशेच्या आसपास आरसे होते. समोर खांबाला काळा केलेला पत्र्याचा डबा टांगलेला. त्या डब्यावर सगळ्या आरशांचं ऊन एका तळहाताएवढ्या जागेत येऊन बसे.

तो तळहाताएवढा उजेड मी कसा सांगू? त्याच्याकडे सरळ बघता यायचं नाही. जवळ गेलं की हवाच हलताना दिसे. डब्यात पाणी घातलं की पाव तासात झाकण वाजायला लागे. नानांच्या बायकोचे, वहिनींचे, डोळे चुलीतल्या पऱ्हाट्यांच्या — कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या — धुराने कायम लाल असायचे. त्या पहिल्या दिवशी धाब्यावर — घराच्या मातीच्या सपाट छतावर, तिथेच चौकट मांडली होती — आल्या, झाकण वाजताना ऐकलं आणि तशाच खाली जाऊन डाळ-तांदूळ धुऊन घेऊन आल्या.

गावाला मजा होती. खालून जाता-येता कोणी ओरडे, "काय नाना, सूर्यनारायणले चाकरीले लाई लिधं का?"

"चाकरीले नही रे, पाव्हना म्हनीसन बलायेल शे. तू बी ये भरीत खावाले!"

आणि खरंच, भरताची वांगी आम्ही त्या उजेडात भाजली. शेजारच्या जिजाआक्का — नानांच्या पूर्वेच्या भिंतीला लागून त्यांचं घर, धाब्याला धाबं जोडलेलं — त्या त्यांच्या बाजूने ओरडायच्या, "ए नाना, तुन्हा आरसा मन्हा डोयावर मारू नको! या वयमा मी काय आरसामा दखू?" आणि भरताला नावं ठेवत ठेवत दोनदा मागून घ्यायच्या.

मी यात काय करत होतो? हे सांगायला मला अवघड जातं. मी गणित करत होतो. आठ दिवस बसून, आकृत्या काढून मी सिद्ध केलं की सूर्य जेवढा कोन सरकेल, त्याच्या निम्माच कोन आरशाने वळायला हवा, आणि ही गोष्ट प्रत्येक ओळीला सारखीच लागू आहे. म्हणून एक दांडी सगळ्यांना पुरते. मोठ्या आनंदाने वही घेऊन टपरीत गेलो. नानांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हसून यंत्राची दोन चाकं दाखवली — एकाचे दाते दुसऱ्याच्या दुप्पट. त्यांनी ते महिन्यापूर्वीच बसवलं होतं. "मन्हा बोटले समजनं व्हतं," ते म्हणाले. कौतुकानेच म्हणाले, माझी वही त्यांना फार आवडली होती. टपरीत येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे, बघा, सरांनी कागदावर आणलं.

मला मात्र काहीतरी बोचलं. एवढंसंच. कुसळ गेल्यासारखं.

आता एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावर आहे. नाना आरसे झोपवायचे. हा त्यांचाच शब्द. काम झालं की दांडी खाली ओढायची — सगळे आरसे एकदम धाब्याकडे तोंड करून पालथे. मग दांडीची दोरी खिळ्याला दोन वेढे देऊन गाठ मारायची आणि वरून वहिनींचं जुनं लुगडं पांघरायचं. चहा प्यायला खाली जायचं असलं तरी. ढग असला तरी. जागा आरसा सोडून धाब्यावरून उतरायचं नाही, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. का, तेही सांगितलं होतं: यंत्र थांबलं तरी सूर्य थांबत नाही. उजेड डब्यावरून निघतो आणि चालायला लागतो — सूर्य पश्चिमेला, उजेड पूर्वेला.

जिल्ह्याच्या ठिकाणाहून दोन साहेब बघायला येणार होते. मीच पत्र पाठवलं होतं. त्यांना पसंत पडलं तर आसपासच्या गावांत अशा दहा चौकटी करायच्या आणि नानांनी त्या बसवायला जायचं, असं बोलणं होतं. पत्रासोबतच्या आकृतीखाली मी दोन नावं घातली होती, माझं आधी. नानांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

साहेब बुधवारी येणार. त्याच्या आधीचा शनिवार. फाल्गुन सुरू झालेला. सकाळची शाळा सुटली. नाना यंत्राच्या एका चाकासाठी धुळ्याला गेलेले, वहिनी शेतात. मला गाडीला दीड तास होता. दप्तरात माझा तक्ता होता — कोणत्या ओळीचा स्क्रू किती फेरे फिरवायचा, याचा. नाना ओळी लावायचे त्या बोटांच्या अंदाजाने: सगळे आरसे पोत्याने झाकायचे, एकच ओळ उघडी ठेवायची, तिचा उजेड डब्यावरच्या चुन्याच्या ठिपक्यावर आणायचा, मग पुढची ओळ. अख्खा दिवस जायचा. माझ्या तक्त्याने ते तासाभरात व्हायला हवं होतं. साहेबांसमोर मी तक्ता ठेवणार होतो. आणि त्याआधी मला बघायचं होतं — खरं लिहितो — नानांच्या बोटांपेक्षा माझा कागद बरोबर आहे हे मला एकट्याला बघायचं होतं.

मागच्या बोळातून जिना होता. मी वर गेलो. लुगडं काढून घडी केली. गाठ सोडली. आता ही गाठ लक्षात ठेवा. नाना सकाळी आंघोळीचं पाणी तापवून, घाईतही, ती मारून गेले होते. दोन वेढे आणि गाठ. पक्की होती. मला नखाने सोडवावी लागली.

आरसे वर आले. तीनशे लहान लहान आभाळं, प्रत्येकात थोडं निळं. मी यंत्राला चावी दिली, मग तक्ता बघत पूर्वेकडच्या चार ओळींचे स्क्रू फिरवले. उजेड डब्यावर गोळा होण्याऐवजी एका अंगाला पसरला. मी पुन्हा फिरवले. आणखी पसरला. घाम आला. तक्ता चुकला होता की माझा हात चुकत होता, ते आजही मला माहीत नाही. आणि तेवढ्यात ऊन गेलं. पश्चिमेकडून एक मोठा करडा ढग सावकाश आला आणि सगळं मऊ झालं — धाबी, लिंबाचं झाड, दूरची टेकडी. आरशांत नुसता ढग. डब्यावर काही नाही. आरशांचं काम करणाऱ्यालाच कळेल अशी एक चूक असते: ढगात आरसे मेल्यासारखे दिसतात. ते जागे आहेत हे डोळ्यांना पटत नाही.

गाडीची वेळ होत आली. आरसे झोपवायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. पण दांडी ओढली की नव्याने लावलेल्या त्या चार ओळींना हिसका बसला असता, आणि मला त्या हव्या होत्या तशाच. सोमवारी येऊन, नाना टपरीत असताना, मी त्या पुरत्या बरोबर करणार होतो. आज संध्याकाळी नाना परत येतील, वर येऊन बघतील — हे मला सुचलंच नाही का? सुचलं असणार. मी यंत्र थांबवलं, दोरी तशीच सोडली. लुगडं पांघरलं नाही; पांघरलं असतं तर त्याच्या ओझ्याने ओळी हलल्या असत्या. ढग तर आहेच, असं मनाशी म्हणालो आणि जिना उतरलो. बोळात कोणी नव्हतं.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, चूक झाली. निष्काळजीपणा. माणसाकडून होतो. मीही पुष्कळ वर्षं स्वतःला इथपर्यंतच सांगत आलो. पण इथून पुढे गाडीतली गोष्ट आहे.

खिडकीची जागा मिळाली होती. गाव मागे पडलं, चढाव आला, रस्ता वळला. दोन्ही बाजूंना करडई फुललेली, गहू पिवळा पडायला लागलेला. मला पेंग येत होती. आणि मग ऊन आलं. एकदम नाही — आधी लांबच्या एका शेतावर, मग रस्त्याकडे धावत येत, मग माझ्या मांडीवरच्या दप्तरावर. काय ऊन होतं ते! ढगाने धुऊन पाठवल्यासारखं. एक बाई डोक्यावर कळशी घेऊन बांधावरून चालली होती, ती कळशी एकदा लखकन चमकली. आणि त्या चमकण्याबरोबर मला आरसे आठवले. जागे. तोंड वर केलेले. आणि पूर्वेला जिजाआक्कांचं धाबं, त्यावर वाळत घातलेला कापूस — नातीच्या लग्नाच्या गाद्या भरायला त्यांनी निवडून, सरकी काढून ठेवलेला, गेला महिनाभर त्या रोज उन्हात पसरायच्या तो कापूस.

मला सगळं दिसलं. अगदी शांतपणे, स्वप्नात दिसावं तसं. उजेड डब्यावरून निघतो आहे, कठड्यावर चढतो आहे, पलीकडे उतरतो आहे.

गाडी गावापासून दीड-दोन मैलांवर आली होती. कंडक्टर माझ्या दोन जागा पुढे उभा होता. एक शब्द — थांबवा — एवढं पुरलं असतं. उतरून धावत गेलो असतो तर वीस मिनिटं. पोचलो असतो? बहुधा पोचलो असतो. पण मला धावत परत येताना गाव बघणार, आणि संध्याकाळी नाना विचारणार, तुम्ही वर कशाला गेला होतात? तक्ता दाखवावा लागणार. तो चुकलेला तक्ता. आणि कदाचित काहीच होणार नाही. कदाचित ढग पुन्हा येईल. असं म्हणत म्हणत मी एक फाटा जाऊ दिला. मग दुसरा. ऊन मांडीवर तसंच होतं, उबदार. तुम्हाला खोटं वाटेल — मला झोप लागली.

सोमवारी गाडीतून उतरलो तर स्टँडवरच कळलं. जिजाआक्कांचं धाबं जळालं होतं. कापूस, खालची लाकडं, मग कडब्याची गंजी. अर्धं घर बसलं. शेळ्या सोडल्या गेल्या म्हणून वाचल्या. नातीची ट्रंक ओढून काढताना आक्कांचा हात पोळला. लोकांनी पाणी मारता मारता आणि संतापात काठ्यांनी आरशांची चौकट फोडून टाकली. माझ्या चार ओळींचे स्क्रू बघायला काही उरलं नव्हतं.

चावडीपुढे माणसं जमली होती. नाना खाली मातीत बसले होते, जिजाआक्कांच्या समोर. आक्कांचा हात फडक्यात बांधलेला.

"मन्हीच चूक शे," नाना म्हणत होते. "सकायले घाई व्हती. दोरी बांधाले मीच इसरनू."

"कापूस गया ते गया," आक्का म्हणाल्या. "तू कशाले मान खाले घाली बठना? ऊठ. लोके दखी राह्यनात." त्या रागावल्या होत्या, पण नाना मातीत बसले होते याच्यावर जास्त.

गावचे सरपंच, त्यांना सगळे आबा म्हणत, ते खुर्चीवर होते. त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "या सर. तुम्ही शिकेल मानूस. तुम्ही सांगा, दोरी आपोआप सुटस का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नानांनीही. त्यांच्या डोळ्यांत काय होतं, सांगू? आशा होती. मी, सर, विज्ञान शिकवणारा — मी काहीतरी सांगेन, ज्यातून कळेल की त्यांचा हात चुकला नव्हता.

मी म्हणालो, "गाठ पक्की असेल तर सुटत नाही. सैल राहिली असेल तर वाऱ्याने सुटू शकते."

वाक्य बरोबर होतं. विज्ञानाच्या पुस्तकात चाललं असतं. नानांनी मान हलवली, जसं काही त्यांनाही तेच अपेक्षित होतं.

बुधवारी साहेब आले नाहीत. मीच त्यांना तार केली होती. गावाने नानांना वाईट वागवलं नाही. सगळ्यांनी मिळून आक्कांचं धाबं पुन्हा घातलं, नाना त्यात सगळ्यांच्या आधी माती तुडवायला उभे. जे मोडलं ते कोणाला दिसण्यासारखं नव्हतं. नानांनी दुरुस्त केलेलं घड्याळ गिऱ्हाईक घेऊन जाई आणि नाना मागून हाक मारत — थांब, स्क्रू बसवला का ते बघू दे. पुन्हा उघडत. स्क्रू बसवलेलाच असे. एकेक घड्याळ ते तीनदा उघडायला लागले. टपरीची कुलपं ओढून बघायचे, घराकडे निघायचे, अर्ध्या वाटेवरून परत येऊन पुन्हा ओढायचे. पोरं हसायची. वर्षभराने एका दुपारी मी त्यांना भिंग लावून बसलेलं बघितलं. चिमट्यात स्प्रिंग होती आणि ती थरथरत होती. मी टपरीत न जाता तसाच खोलीवर गेलो. पुढे पुढे मी संध्याकाळी दुसरीकडे टेकायला लागलो. हे क्रौर्य म्हणायचं की भित्रेपणा? मला दोन्ही शब्द लागू आहेत.

मग टपरी बंद झाली. वहिनींचा भाऊ यावलकडे केळीच्या कामात होता. नाना आणि वहिनी तिकडे गेले. मीही काही वर्षांनी बदली घेऊन जळगावला आलो.

नव्वदच्या पुढे केव्हातरी मी यावलला गेलो — सांगायलाच गेलो होतो. केळीच्या बागांमधून वाट होती, आत हिरवा अंधार, वर कुठेतरी ऊन. गाडी भरणं चाललं होतं. नाना ट्रकमध्ये उभे होते, घडांच्या थरांमध्ये केळीची पानं अंथरत होते. रुंद, गार, मोठी पानं. चुकायला फारसं काही नाही. मला बघून खाली उडी मारली, फणी तोडून हातात दिली. बायकोची, मुलांची चौकशी केली. माझी ती वही अजून जपून ठेवली आहे का, असं विचारलं. मग आम्ही पाटाच्या कडेला बसलो, आणि जरा वेळाने तेच म्हणाले,

"सर, एक इचारू? डोकं म्हनस, इसरनू. हात म्हनस, गाठ मारी व्हती. कोनं ऐकू?"

पाटाचं पाणी वाहत होतं. पानांतून उन्हाचे कवडसे त्यांच्या हातांवर हलत होते. इतकी सोपी वेळ कोणाला मिळते? माणूस स्वतःहून विचारतो आहे. फक्त खरं उत्तर द्यायचं.

मी म्हणालो, "जाऊ द्या नाना. जुनं झालं आता."

"हां," ते म्हणाले. "जुनं झायं." आणि उठून पुन्हा ट्रकवर चढले.

त्यानंतर मी दरवर्षी ठरवत आलो. दिवाळीनंतर जाऊ. परीक्षा संपल्या की जाऊ. पत्र लिहावं — पण पत्र कोणाकडून तरी वाचून घेतील, मग? अशी कारणं. ती मी इथे मांडतो आहे ती कारणं म्हणून नाही. ती कशी होती हे कळावं म्हणून.

नाना गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं. सांत्वनाला त्यांच्या दारावर गेलो. ओट्यावर बायका बसल्या होत्या, वहिनी भिंतीला टेकून. मला बघून पदर सारखा केला, मी आलो याचं बरं वाटून म्हणाल्या, "तुम्ही उनात, बरं व्हयनं. तुम्हनी याद काढेत." पाणी दिलं. मग इकडचं तिकडचं बोलता बोलता सांगितलं — शेवटचे पंधरा दिवस उठता येत नव्हतं. पडल्या पडल्या चादरीच्या काठाला गाठ मारायचे, ओढून बघायचे, पक्की आहे का. सोडायचे. पुन्हा मारायचे.

तेव्हा तरी? वहिनी समोर होत्या. ऐकणारं कोणीतरी अजून होतं. मी मान खाली घालून बसलो, नाना फार चांगले होते असं दोनदा म्हणालो, आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. वहिनी दोन वर्षांनी गेल्या.

आता सांगायला तिथे कोणी नाही. तुम्ही काही म्हणावं म्हणून मी हे लिहिलेलं नाही. त्या दिवशी यावलच्या गाडीत बसल्यावर, पूल ओलांडताना, मी ओठांतल्या ओठांत एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत गेलो होतो, पाटाच्या कडेपर्यंत म्हणत गेलो होतो. लहानच वाक्य आहे.

नाना, दोरी तुम्ही बांधली होती, पक्की बांधली होती. ती मी सोडली. माझं चुकलं.